प्राथमिक शाळेची वाढ

एप्रिल महिना सरत आला म्हणजे आमच्या प्राथमिक शाळांतून वर्षाचा हिशेब मांडण्याची लगबग सुरू होते, आणि पुष्कळ ठिकाणी १ मे रोजी, ध्वजवंदनानंतर, निकाल सांगण्यात येतो. या हिशेबाचे हल्ली दोन रकाने असतात. एकात मुलांची विद्येतील प्रगती; दुसऱ्यात शाळेने गावाशी जोडलेला संबंध, म्हणजे स्नेहसंमेलन, पालकमेळावा, लोकवर्गणीतून रंगविलेल्या भिंती इत्यादी. दोन्ही रकाने भरले म्हणजे वर्ष सार्थकी लागले असे समजण्याची वहिवाट पडली आहे. परंतु हे रकाने खरोखर वेगळे आहेत काय, आणि एकाच्या शिलकेतून दुसऱ्याची तूट भरून काढण्याचा अधिकार कोणास आहे काय, हा प्रश्न नीतीचा आहे. तो शिक्षणखात्याच्या गळ्यात घालून समाजास मोकळे होता येईल असे आम्हांस वाटत नाही.

केवळ पहिल्या रकान्यावर विसंबण्याचा प्रयोग एकदा मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे. इंग्लंडात १८६२ साली रॉबर्ट लो यांनी शाळांच्या अनुदानासाठी जी सुधारित नियमावली आणली, तिच्यात प्रत्येक मुलाच्या परीक्षेवर आठ शिलिंग ठेवलेले होते. आणि वाचन, लेखन व अंकगणित यांपैकी ज्या विषयात मूल नापास होईल त्या विषयामागे दोन शिलिंग आठ पेन्स कापले जात. मॅथ्यू आर्नल्ड हे आमच्या पदवीधरांस कवी व टीकाकार म्हणून ठाऊक असतात. परंतु पोटापाण्यासाठी पस्तीस वर्षे ते शाळातपासनीस होते, आणि या पद्धतीने अध्यापन यांत्रिक होते हे त्यांनी आपल्या अहवालांतून पुनःपुन्हा सांगितले. मूल म्हणजे आठ शिलिंगांची हुंडी असे एकदा ठरल्यावर ती वटविण्यापुरतेच शिक्षण उरावे यात नवल नाही. नेमलेले पुस्तक मुले पाठ म्हणून दाखवीत आणि वाचनात उत्तीर्ण होत!

याची शिसारी आलेले लोक दुसऱ्या टोकास जातात. गुणांचे काय घेऊन बसलात, मुले आनंदी आहेत, गाव शाळेत येते, हे पुरे नव्हे काय, असे ते विचारतात. हे बोलणे कानास गोड लागते. परंतु ज्याच्या घरी पुस्तके आहेत आणि आईबाप शिकविणारे आहेत, त्यालाच ते परवडते. २०२२ सालच्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचू शकणारी मुले शेकडा त्रेचाळीसच्या आसपास आढळली. साथीच्या काळात शाळा दीर्घकाळ बंद होत्या हे खरे. पण त्याआधी, २०१८ सालीही, हा आकडा निम्म्याच्या घरातच होता. उरलेली मुलेही संमेलनात नाचली असतील आणि त्यांच्याही आयांनी टाळ्या वाजविल्या असतील. त्यांना वाचता येत नाही ही गोष्ट त्या टाळ्यांत कोणी त्या आयांस सांगितली काय? सांगितली नसेल, तर त्या समारंभास समाजबांधणी म्हणावे की समाजाची समजूत काढणे म्हणावे, हे वाचकांनीच ठरवावे.

आमचे म्हणणे असे की हे दोन रकाने मुळात एकच आहेत, आणि ते कोठे एक होतात हे पाहावयाचे असेल तर वर्गातील सरासरी मुलाकडे न पाहता, ज्याचे वर्ष मधेच तुटते त्या मुलाकडे पाहावे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांचे उदाहरण घेऊ. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. नवराबायकोच्या त्या जोडीला त्या धंद्यात 'कोयता' असेच म्हणतात. माणसाचे नाव हत्याराला नव्हे, हत्याराचे नाव माणसाला! हंगाम संपून ती परत येतात तेव्हा शाळेचे वर्ष संपत आलेले असते. आईबापांबरोबर गेलेले मूल फडात वाढे बांधते, कोपीत धाकट्या भावंडास सांभाळते, आणि वर्गात त्याची जागा रिकामी राहते. परीक्षेच्या आकड्यांत ही पोकळी दिसेलच असे नाही. किंबहुना मागे पडणारे मूलच गैरहजर असल्याने सरासरी थोडी वर चढण्याचाही संभव आहे.

यावर हंगामी वसतिगृहाची योजना निघाली. मूल गावातच, आजीआजोबांजवळ किंवा नातलगांकडे राहते, आणि त्याच्या जेवणाची व अभ्यासाची व्यवस्था शाळेच्या आधाराने होते. योजना कागदावर सरकारी आहे. पण सायंकाळी पोळ्या कोणी लाटावयाच्या, आजारी मुलाजवळ रात्री कोणी बसावयाचे, आजीला डोळ्यांनी दिसत नसल्यास शाळेत निघालेल्या नातीची वेणी कोणी घालावयाची, या गोष्टी परिपत्रकाने होत नाहीत. जेथे गावातील चार घरे हे काम आपले मानतात तेथे ते मूल वर्गात टिकते, आणि टिकले तरच वाचावयास शिकते. येथे विद्या कोणती आणि समाज कोणता हे वेगळे काढून दाखविता येईल काय?

कोणी म्हणेल की मागच्यासाठी पुढच्याने थांबावे हा हुशार मुलावर अन्याय आहे. आक्षेप वजनदार आहे. परंतु पंतोजींच्या शाळांत मोठी मुले लहानांस धडे देत, आणि मद्रासेत अँड्र्यू बेल यांनी अशीच रीत उचलून विलायतेस नेली, हे विसरता कामा नये. दुसऱ्यास समजावून सांगताना आपलेच ज्ञान पक्के होते, हा अनुभव शिकविण्याचा धंदा करणाऱ्या कोणासही आहे. आम्हां प्राध्यापकांस तर विशेषच. अर्थात पंतोजींच्या शाळेचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. तिच्या ओसरीवर बहुजनांच्या व अस्पृश्यांच्या मुलांना, आणि मुलींना, बहुधा जागाच नव्हती. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले, त्यात रयतेच्या कष्टाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो हे दाखवून निदान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी होती. कायद्याने तो हक्क प्रत्यक्ष मिळण्यास २०१० साल उजाडावे लागले.

त्याच कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेस व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात निदान तीनचतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि दुर्बळ घटकांतील पालकांस त्यांच्या प्रमाणात जागा असाव्यात, असे त्यात म्हटले आहे. तरतूद उत्तम आहे. मात्र पौष-माघात तिची बैठक भरते तेव्हा त्या पालकांपैकी कितीएक शेकडो मैलांवर उसाच्या फडात असतात, आणि इतिवृत्तात त्यांच्या नावापुढे 'गैरहजर' असे लिहिले जाते. ज्या गावातून माणसे दिवाळीला जातात आणि वैशाखात परततात, त्या गावाने ही बैठक ज्येष्ठात, ती घरी असताना, का भरवू नये?