कुमारीचं कंकण आणि मातृतीर्थाचं पाणी

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजा अवधूताला विचारतो, बाबा, तुला ना घर ना दार, मग हा आनंद येतो कुठून? त्यावर अवधूत आपले २४ गुरू सांगतो. नाथमहाराजांनी या स्कंधावरचा ग्रंथ १५७३ साली काशीत पूर्ण केला, आणि तेव्हापासून हे गुरू मराठी घरात नांदत आहेत. त्यातल्या दोघांविषयीच आज बोलतो. एक कुमारीचं कंकण, दुसरं पाणी.

कंकणाची गोष्ट आपण ऐकलेली आहे. घरची मंडळी बाहेर गेलेली आणि मुलीला मागणी घालायला पाहुणे आले. त्यांच्या जेवणासाठी ती साळी कांडायला बसली. हातातल्या बांगड्या वाजू लागल्या. तिने एकेक काढत दोन ठेवल्या, तरी आवाज. शेवटी हातात एकच ठेवली, तेव्हा आवाज थांबला. अवधूत म्हणतो, पुष्कळ जण जमले की भांडण, दोघे असले की गप्पा. म्हणून एकट्याने असावं.

पारायणात हा भाग येतो तेव्हा आपण माना डोलावतो. पण आपल्या वयाच्या लोकांना याचा अर्थ टोचतो, हे मी अनुभवाने सांगतो. माझ्या घरातला बांगड्यांचा आवाज दीड वर्षापूर्वी कायमचा थांबला. स्वयंपाकघरात शांतता आहे, पण तिला शांती कशी म्हणू? अवधूताने मागून घेतलेलं एकटेपण आणि आपल्यावर येऊन पडलेलं एकटेपण, दोन्ही सारखंच का?

हा प्रश्न घेऊन मी गेल्या वैशाखात एकटाच माहूरला गेलो. मुलगा म्हणाला, "बाबा, एवढ्या उन्हाचं कशाला?" त्याला जायची-यायची वेळ सांगितली आणि निघालो. आपल्या बुटीबोरीवरून तुळजापूरचा जो हमरस्ता फुटतो, त्यानेच वर्धा, यवतमाळ, आर्णी करत एसटीने गेलो. रात्री मुक्काम केला. पहाटे डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या आणि हातात काठी, असा पायी निघालो. आधी रेणुकामाता, मग मातृतीर्थ, मग दत्तशिखर. ऊन चढायच्या आत वर पोचायचं, एवढाच बेत.

सागाची पानं गळलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. सोबत कोणी नव्हतं, तरी कंकणं वाजतच होती. दवाखान्याचं बिल, प्लॉटचा हिस्सा, कोणी काय बोललं होतं ते. बँकेत सायंकाळी टॅली लागली की खातेवही मिटायची. ही वही मिटता मिटत नव्हती. म्हणजे माणसं दूर झाली म्हणून आवाज थांबतो असं नाही, एवढं चालता चालता कळलं.

डोंगरांच्या कुशीतल्या मातृतीर्थाच्या तळ्यावर आलो. वैशाखात पाणी खाली गेलेलं, पण होतं. हातपाय धुतले, डोळ्यांना पाणी लावलं आणि काठच्या दगडावर बसलो.

या तीर्थाची परंपरा आपण जाणता. जमदग्नी ऋषींचा वध झाल्यावर परशुरामांनी कावडीच्या एका पारड्यात वडिलांचा देह ठेवला, दुसऱ्यात माता रेणुकेला बसवलं आणि कोऱ्या भूमीच्या शोधात ते इथवर आले. बाण मारून पाणी काढलं, तेच हे तीर्थ. अंत्यविधीचं आचार्यपद श्रीदत्तप्रभूंनी घेतलं. आता बघा, २१ वेळा पृथ्वी जिंकणारा हा वीर; पण आईवडिलांना निरोप द्यायची वेळ आली तेव्हा त्यानेही एकट्याने केलं नाही, गुरूंना शेजारी उभं केलं. आणि मागे वळून पाहू नको असं सांगूनही त्याने पाहिलं, म्हणून मातेचं फक्त मुख जमिनीवर आलं, अशी कथा आहे. त्या मुखाचंच आपण दर्शन घेतो. शोकात मागे वळणाऱ्या लेकराला आईने रिकाम्या हाती पाठवलं नाही.

तिथे बसून कंकणाची गोष्ट पुन्हा आठवली, आणि एक गोष्ट ध्यानात आली. त्या मुलीने बांगड्या काढल्या त्या घरचं दारिद्र्य पाहुण्यांना कळू नये म्हणून. आवाज थांबला, कांडणं थांबलं नाही. पाहुणे जेवलेच असतील. आणि हात तिने ओका ठेवला नाही. एक कंकण ठेवलंच. ते एक म्हणजे आपल्यासाठी गुरूंचं नाम. बाकीची गेली, काही आपण काढली, काही काळाने काढली. हे एक हातात आहे तोवर हाताने काम करत राहायचं.

काय काम, ते पाणी सांगतं. अवधूत म्हणतो, पाणी स्वच्छ, मऊ, गोड असतं, आणि दर्शनाने, स्पर्शाने दुसऱ्याला शुद्ध करतं. उन्हाळ्यात थोडं उरलेलं पाणीसुद्धा हेच करतं. आपलंही आता थोडंच उरलं आहे. सुनेला टोचून न बोलणं, नातवाला जवळ घेणं, गल्लीत ज्याच्या घरी नुकतंच दुःख झालं त्याच्याकडे संध्याकाळी जाऊन नुसतं बसणं, हे थोड्या पाण्यातही होतं.

दत्तशिखरावर अकराच्या आत पोचलो, दर्शन घेतलं, उतरताना गाडी केली. वैशाखातच जा असं मी कोणाला सांगणार नाही. मार्गशीर्षात जा, आणि गुडघे दुखत असतील तर गाडीने जा. तेही जमत नसेल तर आपल्या गावच्या तळ्याकाठी घटकाभर एकटं बसा आणि आतली कंकणं मोजा. मात्र ज्यांचं माणूस नुकतंच गेलं आहे, त्यांना तिकडे एकटं पाठवू नका. परशुरामांजवळ दत्तप्रभू उभे राहिले; आपल्या शेजाऱ्याजवळ आपण उभं राहायचं.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!