मांजा कुणाचा?

हिवाळा लागला की आमच्या पतंग मंडळाचा एक शनिवार-रविवार रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर जातो. मंडळ म्हणजे तरी काय? उर्दू शाळेतले आम्ही चार-पाच शिक्षक, एक शिंपी, दोन रिक्षावाले, पोस्टातून निवृत्त झालेले एक काका आणि आमची मुलेबाळे. सकाळचा मतलई वारा पतंगाला समुद्राकडे ओढतो, त्यात मजा नसते. दुपारी खारा वारा धरला की खरा खेळ. हेच वारे आम्ही वर्गात नसीम-ए-बर्री आणि नसीम-ए-बहरी म्हणून शिकवतो, फळ्यावर बाण काढून. त्या बाणांची आठवण आम्हाला वेळेवर झाली नाही.

पतंगबाजी आपल्या अनेक उलेमांना पसंत नाही. वेळ जातो, पैसा जातो, पोरे छतावरून पडतात. यावर आम्ही म्हणत असू, किनाऱ्यावर कुठले आले छत? वाळूवर पडून कोण मेला आहे?

गेल्या वर्षी रविवारी संध्याकाळी पेच चांगले रंगले. भाताची खळ, रंग आणि काचेची पूड चढवलेला सुती मांजा बहुतेकांकडे होता. एक-दोघांच्या चक्रीवर नायलॉनही असावा. 2017 साली राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉनच्या मांज्यावर देशभर बंदी घातली, हे आम्हाला ठाऊक होते. शाळेत परिपाठाला आम्हीच ते वाचून दाखवले होते. पण कुणाची चक्री कोण तपासणार? पतंग कापला की आमच्यातले पन्नाशीचे गृहस्थसुद्धा पोरासारखे नाचतात. त्या आनंदात खोटे काही नव्हते, हे कबूल केले पाहिजे. पाच-सहा पतंग कापले गेले आणि दोऱ्यासकट सुरूच्या बनापलीकडे गेले. आम्ही चहा घेतला, घरी आलो.

सोमवारी सातवीतला एक मुलगा म्हणाला, “सर, अब्बाचा हात मांज्यानं चिरला.” राजिवड्याचे घर, वडील मच्छीमार. स्कूटरवरून पूर्णगडकडे निघाले होते. पावस रस्त्यावर दोरा आडवा आला, गळ्याशी येण्याआधी त्यांनी हात घातला. सात टाके.

आम्ही एकेकाला विचारले. प्रत्येकाने सांगितले, माझा नव्हता. कुणी म्हणाले, माझा तर कापलाच गेला नाही. कुणी म्हणाले, माझा समुद्रात पडला. कुणी म्हणाले, त्या दिवशी किनाऱ्यावर दुसरीही पोरे उडवत होती. आमची आजही खात्री आहे की कुणी खोटे बोलत नव्हते. आणि तरीही हात चिरला होता. बारा जण खरे बोलतात आणि तेराव्याच्या हातातून रक्त येते, तेव्हा त्या खरेपणाचे करायचे काय?

आमच्यातल्या दीनियात शिकवणाऱ्या सरांनी तेव्हा कसामतची गोष्ट काढली. एखाद्या मोहल्ल्यात मारलेला माणूस सापडला आणि मारेकरी कळेना, तर हनफी फिकहप्रमाणे तिथल्या पन्नास जणांनी शपथ घ्यायची: आम्ही मारले नाही, कुणी मारले ते आम्हाला माहीत नाही. शपथ झाली की सुटका होत असेल, असे आपल्याला वाटते. तसे नाही. शपथेनंतर खूनबहा त्या मोहल्ल्यालाच भरावा लागतो. आम्ही कोकणी बहुतेक शाफई, आमच्याकडे याचे नियम वेगळे. शिवाय हा मामला खुनाचा, सात टाक्यांचा नव्हे. पण आम्ही गप्प झालो. “मी नाही” हे खरे असू शकते आणि तरी पुरेसे नसते, हे इतक्या सरळपणे आम्हाला बी.एड.च्या मूल्यशिक्षणात कुणी सांगितले नव्हते. खारा वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. कापलेला पतंग रस्त्यावरच जाणार. भूगोलाच्या मास्तरांना हे कळू नये?

वर्गणी काढून आम्ही राजिवड्याला गेलो. भाईंनी पाकीट उघडून मोजले आणि निम्म्याहून जास्त परत केले. म्हणाले, “चार दिवस दर्यावर गेलो नाही. जो गेला नाही त्याला वाटणी नाही. तेवढे घेतो. बाकीचे कशाचे?” मग तो दोरा त्यांनी दाखवला, जपून ठेवला होता. नायलॉनच. बोटांनी ताणून बघत म्हणाले, “सर, जाळी आमची पण याचीच. पण दर्यात कुणाची जाळी आहे ते आम्हाला खुणेवरून कळतं.” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर आम्हाला बरे वाटले असते.

यंदा किनाऱ्यावर जायचे की नाही यावर दोन बैठका झाल्या. शिंपीभाईंचे म्हणणे, मांजा नसेल तर पेच नाही आणि पेच नसेल तर पतंग कशाला, घरी फडके वाळत घाला. त्यांचे पूर्ण चूक आहे असे आम्हाला वाटत नाही. साध्या सुती दोऱ्यावर पतंग नुसता वर उभा राहतो. मुले अर्ध्या तासात कंटाळून शिंपले वेचायला गेली. शिंपीभाई आले, पण चक्री न आणता आले, आणि दिवसभर फुरंगटून बसले.

परतताना सगळ्यांनी ओळीने चालत सुरूचे बन आणि पलीकडचा रस्ता धुंडाळला. फांद्यांतून, कुंपणावरून दोऱ्याचा एक गुंताडा निघाला, पोत्यात मावेना एवढा. जुना, नवा, हिरवा, गुलाबी. त्यातला बराचसा आमचा नव्हता. शिंपीभाईंनी खिशातली कात्री काढून तो कापायला सुरुवात केली.