राजापूरची वखार

राजापूरला लोक जातात ते बहुधा गंगा आली म्हणून, नाहीतर धूतपापेश्वराच्या दर्शनाला. आम्ही रत्नागिरीहून गेलो ते नदीकाठची जुनी बाजारपेठ पाहायला. अर्जुना आणि कोदवली या नद्यांच्या काठी हे गाव वसले आहे. पावसाळ्यात नद्या फुगल्या की पाणी जवाहर चौकात शिरते व दुकानदारांची माल हलवण्याची धांदल उडते. एके काळी जैतापूरच्या मुखातून आत शिरलेली गलबते गावापर्यंत येत. आज गाळाने भरलेले ते पात्र पाहून हे खरे वाटू नये. बंदर गेले, पेठ मात्र उरली.

याच गावात १६४९ च्या सुमारास इंग्रजांनी वखार घातली. मिरी, वेलची व कापड यांसाठी ते येथे आले. मुलूख विजापूरच्या आदिलशहाचा होता आणि पाहुण्याने यजमानाच्या भांडणात पडू नये, ही व्यापाऱ्याची जुनी रीत त्यांनाही ठाऊक होती. परंतु १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन आपल्या माणसांसह दारूगोळा घेऊन तेथे गेला आणि इंग्रजांचे निशाण फडकवून त्याने गडावर गोळे डागले. गडावर शिवाजी महाराज होते. पुढल्याच वर्षी, १६६१ मध्ये, महाराजांचे सैन्य राजापुरात उतरले. वखार लुटली गेली. रेव्हिंग्टन व त्याचे सोबती कैदेत पडले, ते १६६३ मध्ये सुटले. गावातील इतर सधन व्यापाऱ्यांनाही त्या वेळी झळ लागली. त्यांनी पन्हाळा पाहिलाही नसेल. हे दुःख इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत आटोपते, म्हणून येथे मुद्दाम नोंदवतो.

कैदेतून या मंडळींनी सुरतेच्या वरिष्ठांकडे गाऱ्हाणे केले. १६६२ साली त्यांना जे उत्तर गेले ते विचार करण्याजोगे आहे. तुम्ही कंपनीच्या मालाचे रक्षण करताना पकडले गेला नाहीत. पन्हाळ्यावर जाऊन, इंग्रजांचे म्हणून ओळखले जाणारे निशाण लावून गोळे उडवल्यामुळे तुरुंगात आहात, असा त्याचा आशय होता.

उत्तर परखड आहे, पण त्यात दोष धरला आहे तो विशेषतः निशाणाचा. निशाण नसते आणि तोच दारूगोळा गुपचूप छावणीत पोचता केला असता, तर ते कृत्य निर्मळ ठरले असते काय? आम्हांस तसे वाटत नाही. गोळा कोणाच्या घरावर पडणार हे विकणाऱ्याला ठाऊक असेल, तर त्याचे उत्तरदायित्व निशाण उभारण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. उलट, हे सूत्र ताणत नेले तर मिरी विकणाराही सुटत नाही. मिरीची जकात आदिलशहाच्या खजिन्यात जाते आणि खजिन्यातून वेढ्याचा खर्च भागतो! अशाने जगात एकही दुकान उघडे राहणार नाही. आपल्या धर्मसभेच्या नीतिशास्त्रात, संत अल्फोन्स लिगुओरींच्या ग्रंथांतही, दुसऱ्याच्या दुष्कृत्याशी होणाऱ्या सहकार्याचे प्रकार सांगितले आहेत. त्या दुष्कृत्यात जो मनानेच सामील असतो तो एक, आणि ज्याच्या कामाचा अन्य कोणी उपयोग करून घेतो तो दुसरा. दुसऱ्याच्या बाबतीतही त्याचे काम दुष्कृत्याच्या किती जवळचे, हे पाहावे लागते. रेव्हिंग्टन पहिल्यात मोडतो. मिरीवाला दुसऱ्यात, आणि तोही बराच दूरचा.

त्या काळी माणसे असा भेद मुळीच करीत नसत असे नाही. १६६४ च्या सुरतेच्या लुटीत शिवाजी महाराजांनी कापुचिन फादर अ‍ॅम्ब्रोज यांच्या घराला धक्का लागू दिला नाही, असे बर्निये या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवले आहे. डच लोकांच्या एका मृत दलालाचे घरही, तो दानशूर होता म्हणून, वाचले असे तो सांगतो. फादर परदेशी होते आणि रेव्हिंग्टनही परदेशीच होता.

आमच्या घरांतील मुले आज बोटींवर आहेत, आखातात आहेत, मोठमोठ्या कंपन्यांच्या हिशेबखात्यांत आहेत. पेटीत काय आहे हे चढवणाऱ्याला दर वेळी कळतेच असे नाही, आणि कळले तरी घराचे हप्ते थांबत नाहीत. त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. तरी सुट्टीवर आलेल्या मुलाला आपण पगार विचारतो, जेवणाची सोय विचारतो. मालाविषयी सहसा विचारत नाही.

पुढे १६७४ साली, राज्याभिषेकाच्या वेळी, हेन्री ऑक्झिंडन नजराणे घेऊन रायगडावर आला. त्याच्या मागण्यांत राजापूरच्या नुकसानीची भरपाईही होती आणि दहा हजार होन देण्याचे ठरले. मागणारी कंपनी तीच, जिच्या सुरतेच्या कचेरीने बारा वर्षांपूर्वी ते उत्तर धाडले होते. मात्र या खेपेस बोलणे वखारीतून गेलेल्या मालाचे होते. पन्हाळ्यावर गेलेल्या गोळ्यांचा हिशेब त्यात धरला होता असे दिसत नाही.