निष्ठा आणि करारनामा

एकाची चाकरी सोडून दुसऱ्याच्या दारी जाणारा मनुष्य कृतघ्न समजावा की नाही, हा प्रश्न फार जुना आहे. खाल्ल्या मिठाला जागावे असे आपण लहानपणी ऐकतो, मोठेपणी मुलांना ऐकवितो, आणि मधल्या काळात जास्त पगार मिळेल तिकडे बिऱ्हाड हलवितो; या दोन गोष्टींत काही विसंगती आहे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आमच्याही आले नव्हते. एका बारा वर्षांच्या मुलाने आम्हांस अडविले, तेव्हा ते आले.

२०२४ सालच्या मार्च महिन्यात आम्ही अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मुलीच्या घरी राहावयास गेलो होतो. एके दिवशी नातू शाळेतून परतला तो कोणाशी न बोलता आपल्या खोलीत गेला, आणि भिंतीवर टांगलेला निळा सदरा काढून त्याने कपाटाच्या तळाशी कोंबला. सदऱ्यावर सेक्वॉन बार्कली या फुटबॉलपटूचे नाव होते. सहा वर्षे न्यू यॉर्क जायंट्स या संघाकडून खेळलेला हा गडी, दोन तासांच्या वाटेवरील फिलाडेल्फियाच्या ईगल्स या हाडवैरी संघास जाऊन मिळाला होता. करार तीन वर्षांचा, रक्कम सुमारे पावणेचार कोटी डॉलर. "आजोबा," नातू म्हणाला, "तो आपल्याला पैशासाठी सोडून गेला. म्हणजे तो वाईट माणूस आहे ना?"

त्या वेळी आम्ही 'हो'ही म्हटले नाही आणि 'नाही'ही म्हटले नाही. जे उत्तर त्या दिवशी सुचले नाही, ते येथे शोधून पाहण्याचा विचार आहे.

प्रथम या खेळाची थोडी ओळख करून दिली पाहिजे. अमेरिकन लोक ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातात धरून प्रतिपक्षाच्या भिंतीतून मुसंडी मारीत पुढे न्यावयाचा, असा तो हाडे मोडणारा खेळ आहे. १९२० साली जन्मास आलेल्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये आज बत्तीस संघ आहेत. सामने सप्टेंबरात सुरू होतात व फेब्रुवारीतील अंतिम सामन्याने संपतात. पुढे सहा-सात महिने मैदान ओस पडते. परंतु तोंडे मात्र ओस पडत नाहीत. कोणाचा करार संपला, कोणता मालक थैली सैल सोडणार, कोण कोठे जाणार, यांच्या वावड्या उठू लागतात. मार्चच्या मध्यास करार संपलेले खेळाडू मोकळे होतात. त्यांना तेथे 'फ्री एजंट' म्हणतात. सामन्याच्या दिवसांतही नसेल इतकी उत्कंठा त्या आठवड्यात असते.

या चर्चेचा सूर ऐकण्यासारखा आहे. अमक्याचा गुडघा एकदा फाटला आहे, तो आणखी दोन वर्षे टिकेल काय? तमक्याने अठ्ठाविशी ओलांडली, आता त्याच्यावर पैसा लावणे शहाणपणाचे काय? नव्या उमेदवारांना तर फेब्रुवारीअखेर इंडियानापोलिस शहरी जमवून त्यांची उंची, वजन, धाव, इतकेच नव्हे तर हाताच्या पंजाची लांबीदेखील मोजतात. बैलबाजारात जनावराचा जबडा उघडून दात पाहणारा शेतकरी आम्हांस आठवला. पण हसण्याचा अधिकार आम्हांलाही फारसा उरलेला नाही. २००८ साली मुंबईत क्रिकेटपटूंचा पहिला लिलाव झाला तेव्हा 'लिलाव' हा शब्द पुष्कळांना खटकला होता. आज तोच लिलाव आपण सहकुटुंब, फराळाच्या बशा मांडीवर घेऊन पाहतो.

असो. मूळ प्रश्न निष्ठेचा आहे. आणि निष्ठेचा न्याय करावयाचा तर बंधन कोणी कोणावर घातले होते हे आधी पाहिले पाहिजे. १९३६ सालापासून या लीगमध्ये 'ड्राफ्ट' नावाची पद्धत आहे. महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची संघ आळीपाळीने निवड करतात. ज्याने निवडले त्याच्याशीच बोलणी करावयाची, दुसऱ्याकडे जावयाचे नाही. म्हणजे पहिला धनी खेळाडूने निवडलेलाच नसतो. पुढे करार संपला तरी सुटका नव्हती. १९६३ साली असा नियम झाला की, करार संपलेल्या खेळाडूस दुसऱ्या संघाने घेतल्यास त्याची भरपाई किती व कशी द्यावयाची ते लीगच्या आयुक्ताने ठरवावे. भरपाई काय ठरेल हे आधी कळत नसल्यामुळे त्या वाटेस जाण्याचे धाडस बहुधा कोणी करीत नसे. दरवाजास कुलूप नव्हते; परंतु बाहेर पडणाऱ्यास आश्रय देणाराच दंड भरील, अशी योजना होती. त्या काळी एकाच संघात जन्म काढणाऱ्या खेळाडूंच्या निष्ठेचे गोडवे आजही गाइले जातात. त्यांतील काही जण खचित मनापासून राहिले असतील. पण जाण्याची सोयच नव्हती तेथे मनापासून कोण राहिला आणि नाइलाजाने कोण, हे निवडावयाचे कसे?

या नियमाविरुद्ध जे खेळाडू न्यायालयात गेले त्यांचा अग्रणी जॉन मॅकी हा होता. बाल्टिमोर कोल्ट्स या संघाचा तो नामांकित गडी, आणि १९७० पासून खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष. १९७६ साली वरिष्ठ न्यायालयाने निकाल दिला की, हा नियम व्यापारस्वातंत्र्यास गैरवाजवी अडथळा आहे. निकाल लागला तरी खरे स्वातंत्र्य मिळण्यास आणखी संप आणि आणखी खटले व्हावे लागले. १९९३ साली ते आले. आणि त्याच वर्षी रेजी व्हाइट हा गाजलेला खेळाडू फिलाडेल्फिया सोडून ग्रीन बे येथे चार वर्षांसाठी एक कोटी सत्तर लाख डॉलरांवर गेला. मालकांनीही आपली सोय पाहून ठेवली. १९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चास मर्यादा आली; त्या वर्षी ती तीन कोटी शेहेचाळीस लाख डॉलर होती, २०२५ साली सत्तावीस कोटी ब्याण्णव लाख झाली. शिवाय 'फ्रँचाइझ टॅग' नावाचा एक शिक्का आहे. तो मारला की मोकळा होऊ घातलेला खेळाडू ठराविक मोठ्या पगारावर आणखी एक वर्ष अडकला. बार्कलीवर २०२३ साली हाच शिक्का मारण्यात आला होता. २०२४ साली तो मारावयाचा नाही असे जायंट्सनी ठरविले, तेव्हाच तो बाजारात आला. नातवाच्या वाक्यात 'तो सोडून गेला' एवढेच होते. धन्यानेही हात सैल केला होता, ही अर्धी गोष्ट त्यात नव्हती.

आता करारनाम्याकडे पाहा. पाच वर्षांचा करार असे वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांनी छापतात. परंतु त्यातील बहुधा काही भागच हमीचा असतो. खेळाडूचा पाय अधू झाला, किंवा त्याहून स्वस्त गडी सापडला, तर संघ त्याला मुदतीच्या मध्येच काढू शकतो. खेळाडूस मात्र मुदतीच्या मध्ये दुसरीकडे जाता येत नाही. खेळाडूंच्या संघटनेच्या हिशेबाने या धंद्यातील सरासरी आयुष्य साडेतीन वर्षांच्याही आतले आहे. ज्याची उमेद चार पावसाळ्यांची, त्याला दहा पावसाळ्यांच्या निष्ठेचा उपदेश करणे सोपे असते, कारण उपदेशकाचे गुडघे शाबूत असतात.

आणि धन्यांची निष्ठा? १९८४ सालच्या मार्चअखेरीस, एका हिमवर्षावाच्या रात्री, बाल्टिमोर कोल्ट्सचे सामान मालवाहू मोटारींत भरून संघच्या संघ इंडियानापोलिस येथे हलविण्यात आला. संघ जप्त करण्याचा अधिकार देणारा कायदा राज्याच्या विधिमंडळात येऊ घातला होता, म्हणून मालकाने रात्र साधली. तीस वर्षे ज्या शहराने त्या संघावर माया केली, ते सकाळी उठून पाहते तो घर रिकामे! भाडे थकलेले कूळ असे गेले असते तर आपण त्यास काय म्हटले असते?

येथे आम्हांस या सर्व इतिहासातील सर्वांत हृद्य गोष्ट सांगावयाची आहे. त्या संघाचे एक वाद्यपथक होते. त्यात हौसेने वाजविणारे नागरिक असत. पथकाचे पोशाख त्या रात्री धुलाईला गेले होते म्हणून वाचले. ज्यांच्यासाठी वाजवावयाचे तो संघ उरला नाही, तरी हे लोक पुढे बारा वर्षे वाजवीतच राहिले. त्यांस ना करार होता, ना शिक्का, ना कोणाची हमी. आणि दुसरी गोष्ट जॉन मॅकीची. जाण्याच्या हक्कासाठी जन्मभर भांडलेला हा मनुष्य! १९९२ साली कँटन येथील कीर्तिमंदिरात त्याची निवड झाली, तेव्हा मानाची अंगठी त्याने इंडियानापोलिसात स्वीकारली नाही. ज्या शहरात खेळला त्या बाल्टिमोरातच स्वीकारली. पुढे डोक्यावर बसलेल्या आघातांनी त्याची स्मृती गेली. अशा रोग्यांच्या शुश्रूषेसाठी २००७ पासून जी मदत सुरू झाली तिला त्याच्या सदऱ्यावरील अठ्ठ्याऐंशी हा आकडा देण्यात आला. २०११ साली तो वारला.

या दोन गोष्टींवरून आमचे मत असे बनले आहे की, निष्ठा हा सद्गुण मोकळ्या दारातच राहू शकतो. आपल्या महाभारतातही हा भेद आहे. भीष्म कौरवांकडे राहिले, पण आपण अर्थाने बांधले गेलो आहोत असे त्यांनी स्वतःच धर्मराजास खिन्नपणे सांगितले. कर्णापुढे मात्र श्रीकृष्णाने राज्यासकट दार उघडून ठेवले होते, आणि तो गेला नाही. त्याचा पक्ष चुकीचा होता असे म्हणा. परंतु त्याच्या निष्ठेस निष्ठा म्हणावे लागते, कारण तिला पर्याय होता. म्हणून मॅकीने न्यायालयात जे मिळविले ते निष्ठेच्या विरुद्ध नव्हते. ज्या वस्तूचे नाव सर्वजण घेत होते, ती खरी असण्याची शक्यता त्याने प्रथम निर्माण केली.

कोणी म्हणेल, "कोट्यवधी डॉलर घेणाऱ्यांचा कैवार कशाला? आणि ज्या गरीब प्रेक्षकाने पोटास चिमटा घेऊन तिकीट काढले, त्याच्या प्रेमाची किंमत कोणी द्यावयाची?" आक्षेपाचा पहिला भाग आम्हांस फारसा खरा वाटत नाही, पगार मोठा असला म्हणून एकतर्फी बंधन न्याय्य होत नाही. परंतु दुसरा भाग खरा आहे, आणि त्याला आमच्यापाशी पुरे उत्तर नाही. गावाचे प्रेम हा या व्यवहारातील एकमेव भाग असा आहे की ज्याचा करार होत नाही. म्हणून तो मोडल्याची फिर्याद कोणत्याही न्यायालयात लागत नाही. शिवाय प्रेम करणारेही निर्दोष नसतात. बाल्टिमोरने बारा वर्षे आपल्या जखमेचे दुःख केले आणि १९९६ साली क्लीव्हलंड शहराचा संघ आपल्याकडे आणवून ते दुःख शमविले. त्या वेळी क्लीव्हलंडात कोणी मुलगा आपला सदरा कपाटाच्या तळाशी टाकीत असेल, हे बाल्टिमोरच्या किती घरांत आठवले असेल?

तेव्हा जाणे हा अपराध नव्हे, असे आम्ही म्हणतो. कसे जावे याला मात्र नीती आहे. उघड बोलून, मुदत पुरी करून, ज्यांनी माया केली त्यांचा निरोप घेऊन जाणारा मनुष्य, आणि रात्री मोटारी भरून जाणारा मनुष्य, हे दोघे एकाच शब्दाने मोजू नयेत. तसेच, निष्ठा मागणाऱ्याने ती आधी देऊ करावी. जो धनी अधू झालेल्या चाकराला वाऱ्यावर सोडतो, त्याने मिठाची आठवण करून देऊ नये.

बार्कलीच्या नव्या संघाने पुढच्याच मोसमात, २०२५ सालच्या फेब्रुवारीत, अंतिम सामना जिंकला, आणि त्या मोसमाच्या साखळी सामन्यांत त्याने दोन हजार पाच यार्ड धाव काढली. यामुळे त्याचे जाणे योग्य ठरले असे कोणी मानू नये. तो हरला असता तरी त्याचे जाणे तितकेच योग्य किंवा अयोग्य राहिले असते. त्या रात्री नातवाने तिकडून फोन केला. आवाजात थोडा राग होता, थोडा अभिमानही होता. आम्ही त्याला जे सांगितले ते एवढेच: "बाळ, तो वाईट माणूस नाही. आणि तुला वाईट वाटले तेही खोटे नाही. त्याला जाण्याची मोकळीक होती, तशी तुला त्याच्यावर माया करीत राहण्याचीही आहे; ती कोणत्याही करारात लिहिलेली नसते." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आजोबा, तो सदरा मी टाकला नाही हं."