फॉरवर्डची भरपाई

सप्टेंबर 2019 मध्ये उस्मानाबादच्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली आणि समाजमाध्यमांवर त्यांच्याविरुद्ध मजकुराची झोड उठली. ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घ संपादन, हरित वसईसाठी दिलेला लढा, ‘सुबोध बायबल’सारखा ग्रंथ, यांतले काहीही न पाहता केवळ धर्मगुरूचा झगा पाहून अनेकांनी निकाल दिला. वसईच्या ख्रिस्ती माणसाला तो घाव लागला.

असा घाव सोसलेल्या समाजाने स्वतःचा मोबाइलही तपासायला हवा.

धर्मग्रामाचे, वाडीचे, गायनमंडळाचे व्हॉट्सॲप ग्रुप मिस्सेची वेळ कळवतात, रुग्णासाठी रक्तदाता मिळवून देतात. त्याच ग्रुपवर कुणाच्या घरातले भांडण, कुणाच्या मुलीचा फोटो, एखाद्या जमातीविषयीची ऐकीव गोष्ट ‘आलं तसं पाठवलं’ म्हणून पुढे जाते. कॅथलिक चर्चच्या 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथात आठव्या आज्ञेखाली तीन दोष वेगवेगळे सांगितले आहेत: पुरेशा आधाराविना शेजाऱ्याला दोषी मानणे, त्याचा खरा दोष विनाकारण तिसऱ्याला सांगणे आणि त्याच्यावर खोटा आळ घेणे. यातला दुसरा विशेष बोचतो. ‘पण हे खरंच आहे ना!’ एवढ्याने सुटका होत नाही.

अफवेची किंमत पालघर जिल्ह्याने मोजली आहे. टाळेबंदीत, 16 एप्रिल 2020 च्या रात्री, गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक यांना जमावाने ठार केले. मुले पळवणारे फिरत असल्याची अफवा त्या भागात पसरली होती. तीन माणसे मेल्यावरही समाजमाध्यमे थांबली नाहीत. घटनेला धार्मिक रंग देणारा मजकूर देशभर फिरला. अशा अफवा पुढे ढकलणाऱ्यांत ‘सावध केलेलं बरं’ असे प्रामाणिकपणे वाटणारेही असतात. म्हणून हेतू चांगला असला तरी खातरजमेची जबाबदारी टळत नाही.

चर्चच्या त्याच धर्मशिक्षण ग्रंथात भरपाईचे कर्तव्यही स्पष्ट आहे: दोषाची क्षमा मिळाली तरी दुसऱ्याच्या नावाला लावलेला डाग पुसण्याचा प्रयत्न करावाच लागतो. त्यामुळे प्रायश्चित्त संस्कारात पुटपुटून किंवा ‘डिलीट’ दाबून हा विषय मिटत नाही. जिथे खोटा मजकूर टाकला, त्याच ग्रुपवर, स्वतःच्या नावाने ‘मी पाठवलेली माहिती चुकीची होती’ असे लिहावे लागते, आणि ज्याची बदनामी झाली त्याच्या घरी जाऊन त्याची माफी मागावी लागते.