श्रेयाची वांटणी

अनेकांच्या हातून तडीस गेलेल्या कार्याचें श्रेय एकाच्या नांवें कसें लिहावें? बेसबॉल या अमेरिकन खेळाच्या नियमकर्त्यांना हा प्रश्न टाळतां येत नाहीं. तेथें सामन्याचा जय व पराजय एकेका पिचरच्या, म्हणजे गोलंदाजाच्या, नांवावर मांडावाच लागतो. शिवाय एकदां बदललेला खेळाडू त्या सामन्यांत पुन्हां उतरूं शकत नाहीं. आपल्या माघारीं जें घडेल तें त्यानें दूर बसून पाहावयाचें.

प्रथम दोषाचा हिशेब पाहूं. पिचर मैदान सोडतांना प्रतिपक्षाचे दोन गडी बेसवर असले आणि पुढील पिचरच्या चेंडूवर ते घरीं पोंचले, तरी त्या धांवा पहिल्याच्याच खातीं पडतात. क्रिकेटमध्यें ज्याच्या चेंडूवर धांव निघाली त्याची ती. येथें ज्यानें गड्याला वाट दिली त्याची. हें कठोर खरें, पण न्याय्य आहे. अडचण मागें ठेवून जाणाऱ्याची जबाबदारी त्याच्याबरोबरच जाते.

श्रेयाची कसोटी निराळी आहे. पहिल्या पिचरनें सामान्यतः पांच डाव पुरे केल्यावांचून विजय त्याचा धरीत नाहींत. मग नंतर आलेल्यांपैकीं कोणाची कामगिरी अधिक मोलाची, हें अधिकृत गुणलेखकानें स्वतःच्या विवेकानें ठरवावयाचें. नियमानें आपली मर्यादा ओळखून विवेकाला दिलेली ही जागा या व्यवस्थेंतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट होय.

तरीहि अन्याय उरतोच. २६ मे १९५९ रोजीं पिट्सबर्गच्या हार्वे हॅडिक्सनें बारा डाव मिलवॉकीच्या एकाहि फलंदाजाला बेसवर येऊं दिलें नाहीं. त्याच्या संघाला मात्र एकहि धांव काढतां आली नाहीं. तेराव्या डावांत सहकाऱ्याच्या चुकीनें एक गडी बेसवर आला, त्याचीच धांव झाली, आणि सामना १–० असा गेला. धांवांच्या वहींत ती धांव हॅडिक्सचा दोष म्हणून धरली नाहीं. जयापजयाच्या वहींत मात्र पराजय त्याच्याच नांवें लागला.

यांतील बोध उघड आहे. वही एकच असेल तर ती खोटें बोलते. दोन असल्या तर एक दुसरीला सांवरते. २०१८ सालीं न्यू यॉर्क मेट्सच्या जेकब डिग्रॉमच्या नांवें अवघे दहा विजय व नऊ पराजय होते. पण त्याच्यावर धरलेल्या धांवांची सरासरी दर नऊ डावांस १.७० इतकी अल्प होती. साय यंग पुरस्कार देणाऱ्यांनीं ही दुसरी वही वाचली व त्यालाच निवडलें.

घरांत, कचेरींत वा समाजांत आपणहि माणसांचीं खातीं मनांत मांडतच असतों. निवाडा देण्यापूर्वीं दुसरी वही उघडण्याचे श्रम आपण कितीदां घेतों?