अस्सलबरहुकूम

कचेरीत नक्कल करणाऱ्याची कसोटी एकच असते: नकलेत त्याचे स्वतःचे असे काही उतरता कामा नये. हीच कसोटी घरी संगीत ऐकविणाऱ्या यंत्रास लावली, तर इलेक्ट्रोस्टॅटिक लाउडस्पीकरची जाणत्या श्रोत्यांना एवढी ओढ का वाटते, हे उमजते.

सामान्य लाउडस्पीकरमध्ये चुंबकाजवळचे तारेचे वेटोळे कागदी शंकूस मागेपुढे ढकलते. शंकूला वजन असते. शिवाय तो ज्या पेटीत बसविलेला असतो, तीही आपला नाद मिसळते. इंग्लंडातील हंटिंग्डन येथे पीटर वॉकर यांच्या कारखान्याने १९५७ साली ‘क्वाड’ या नावाने जो लाउडस्पीकर विक्रीस आणला, त्यात ना शंकू, ना पेटी. दोन सच्छिद्र पट्टिकांच्या मधोमध प्लास्टिकचा अत्यंत पातळ पडदा ताणलेला असतो व त्यावर हजारो व्होल्टचा विद्युत्भार ठेवलेला असतो. पट्टिकांवरील विद्युत्दाब संगीताबरोबर बदलतो आणि सबंध पडदा त्यासरशी हलतो. वजन नाममात्र असल्यामुळे तो सुराबरोबर उठतो आणि सुराबरोबर थांबतो. तंबोऱ्याची जवारी, गाणाऱ्याने मध्येच घेतलेला श्वास, हे सारे त्यातून निवळशंख ऐकू येते.

या सचोटीचे मोलही द्यावे लागते. आवाज फार चढविता येत नाही. खर्जाचे अगदी खालचे नाद क्षीण होतात. भिंतीपासून दूर जागा लागते. आणि उत्तम ऐकू येते ते समोरच्या एखाद्याच खुर्चीवर.

येथे आमच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. पहिला सत्याचा. नक्कल कागदाशी इमान राखते, कागदात वर्णिलेल्या घटनेशी नव्हे. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे ३ मिनिटे मिळत. तासभर फुलणारा राग गायकाने तेवढ्यात आवरला, तर पडदा तो आवरलेलाच राग ऐकवील, आणि तबकडीची खरखरही लपविणार नाही. तेव्हा यंत्राचा प्रामाणिकपणा म्हणजे संपूर्ण सत्य नव्हे. दुसरा प्रश्न सोबतीचा. आमची मैफल श्रोत्यांच्या दादेवर रंगते. एकट्याच्या खुर्चीला दाद देणारा शेजार कोठून मिळावा?

तरीही या यंत्राची ओढ आम्हांस केवळ चैन वाटत नाही. मुलखापासून दूर नेमणुकीवर राहणाऱ्यांच्या वाट्यास बहुधा नकलाच येतात: आईचा आवाज पत्राच्या अक्षरांतून, गाणे तबकडीतून. नकलेवरच ज्याची भिस्त, त्याने ती शुद्ध असावी असा आग्रह धरावा, यात गैर काही नाही. मात्र मूळ गाणे चारचौघांसाठी होते, याचे विस्मरण होऊ नये. घरी कोणी गाण्याचा भुकेला आला, तर समोरची ती एक खुर्ची त्यास द्यावी आणि आपण कडेला बसून थोडे कमी ऐकावे. गायकाशी इमान राखण्याचा तोही एक मार्ग आहे, आणि तो कोणत्याही यंत्राकडे सोपविता येत नाही.